गावाकडचं घर आतून बदलायचंय, यादी तयार आहे, जरा तपासून द्या

अंगणवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहायला बसले.

आजोबांनी बांधलेलं गावाकडचं घर आहे. खाली दगड, वर कच्च्या विटा, दीड हात जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यावर माळा. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. मागच्या खोलीतून पुढे यायचं तर मधे झोपलेल्या सगळ्यांना ओलांडत यावं लागतं. काका-काकू तिथेच राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. आम्ही भावंडं आपापल्या नोकरीच्या गावी. वर्षातून दोनदा सगळे जमतो तेव्हा सतरा डोकी होतात आणि सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागते.

यंदा सगळ्यांनी पैसे काढून घर आतून नवं करायचं ठरवलंय. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यातली भिंत पाडून एकच मोठी मोकळी जागा करायची. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. भिंतींना कमरेपर्यंत ओल आहे, पोपडे सुटतात, तिथे सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग. तुळया काळ्या पडल्यात, त्या फॉल्स सीलिंगनं झाकायच्या. माळ्यावर एक बेडरूम. झोपायच्या प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम, म्हणजे एकूण तीन. कोनाडे बुजवायचे, तिथे नुसती धूळ बसते.

प्रश्न साधा आहे. फरशी आधी की रंग आधी? आणि मोकळ्या स्वयंपाकघराला कुठला रंग खुलेल?

ओळंबा

ताई, रंगाचं नंतर बघू. ओल फक्त पावसात दिसते की वर्षभर? आणि घरात शिरताना किती पायऱ्या चढता?

अंगणवेडी

वर्षभर, पावसात जास्त. पायऱ्या दोन. पण पायऱ्यांचा काय संबंध?

ओळंबा

असला तर सांगेन, नसला तर माझं हसं करा. घरात कोणाकडे दारासमोर काढलेला जुना फोटो असेल तर शोधा आणि त्यात पायऱ्या मोजा.

तोवर सिमेंटबद्दल. दगड-मातीची जुनी भिंत जमिनीतून थोडंफार पाणी ओढतेच. ते तिच्या अंगावरून हवेत उडून जातं, म्हणून ती इतकी वर्षं उभी आहे. तिला सिमेंटचं कवच घातलं आणि वर प्लॅस्टिकसारखा रंग लावला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते वाट शोधत वर चढतं. आज कमरेपर्यंत आहे ते उद्या खांद्यापर्यंत. पाण्याबरोबर क्षार येतात, भिंत सुकताना त्यांचे खडे बनतात आणि तेच गिलाव्याला आतून ढकलून पाडतात.

चकचकीत फरशीचंही तसंच. मातीच्या जमिनीवर हवाबंद फरशी घातली की खालची ओल कडेकडेनं सरकून भिंतीत शिरते.

थोरली

ओळंबा म्हणतात ते आमच्याकडे झालंय. सासऱ्यांच्या घरात आम्ही हौसेनं सगळ्या भिंतींना सिमेंट मारून घेतलं. ठेकेदारानं दहा वर्षांची तोंडी हमी दिली होती. पहिलं वर्ष घर आरशासारखं. दुसऱ्या वर्षी कपाटामागे कुबट वास यायला लागला. तिसऱ्या वर्षी कपाट सरकवलं तर मागे माझ्या उंचीइतका काळा डाग, आणि बोटानं दाबलं तर गिलावा पापडासारखा कडकन तुटला. आतली कच्ची वीट चिखल झाली होती. ते सिमेंट काढताना निम्मी वीट त्याला चिकटून बाहेर आली. घालायला लागला त्यापेक्षा काढायला जास्त खर्च आला. मग चुन्याचा गिलावा केला.

शंकासूर

म्हणजे आता परत चुन्याकडे जायचं? मग वीज कशाला, कंदील लावा. जग पुढे जातंय की मागे?

ओळंबा

शंकासूर, पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिननं १८२४ साली घेतलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं चुन्यात आणि मातीत बांधत होती, आणि त्यातलं बरंच अजून उभं आहे. सिमेंट वाईट नाही, मी जन्मभर त्यातच काम केलं. पण ते कडक आणि हवाबंद, ही भिंत मऊ आणि श्वास घेणारी. नवरा-बायकोत एक ताठ असला तर दुसऱ्यानं वाकावं लागतं, इथे वाकायची वेळ बिचाऱ्या विटेवर येते.

चुन्याचे तोटेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा प्रेमात पडलाय. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून दोन थरांमध्ये थांबावं लागतं आणि सुरुवातीचे दिवस तो ओलसर ठेवावा लागतो. उन्हात किंवा वाऱ्यावर भसकन सुकला तर भुकटी होऊन झडतो. डोळ्यात गेला तर भाजतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. आणि हात बसलेला गवंडी मिळाला पाहिजे. आधी एका कोपऱ्यात दोन हात जागा करून घ्या, महिनाभर बघा, मगच सगळं घर त्याच्या हाती द्या.

शंकासूर

बरं, चुना लावला. ओल तर राहिलीच ना? भिंत श्वास घेतेय म्हणून आम्ही ओल्या भिंतीला पाठ टेकून बसायचं?

ओळंबा

हा प्रश्न बरोबर आहे. ओल कुठून येते ते आधी शोधायचं.

एक बिनखर्चाची तपासणी. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूनं थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूनं जमले तर ती घरातलीच वाफ आहे, स्वयंपाकाची, अंघोळीची, आत वाळत घातलेल्या कपड्यांची. तेव्हा खिडकी आणि झरोका बघायचा, भिंत नव्हे.

भिंतीतून येत असेल तर घराबाहेर चक्कर मारा. छताचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झालीय का, भिंतीला लागून कोणी फरसबंदी केलीय का, मोरीचा पाइप कुठे फुटलाय का. कारण मिटलं तरी जाड भिंत लगेच सुकत नाही. ढोबळ हिशेब महिन्याला इंचभर. म्हणजे तुमच्या दीड हाताच्या भिंतीला दोन वर्षं तरी धरून चाला. म्हणून फरशी आधी की रंग आधी याचं उत्तर, पन्हाळ आधी.

दुपारची_झोप

'पन्हाळ आधी' हे मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतोय. तिथे सहा महिने सोफ्याच्या कापडावर चर्चा चालू आहे.

रंधा

लाकडाचं मी बोलतो. ताई, तुळया काळ्या पडल्यात म्हणजे बहुधा चुलीचा धूर. तो नुसता मळ आहे, आतलं लाकूड ठणठणीत असू शकतं. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि तुळई भिंतीत शिरते तिथे टोचून बघा. कुजायला सुरुवात तिथूनच होते, कारण भिंतीची ओल टोकाला लागते. पाती सहज आत गेली तर काळजी. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही, म्हणजे पुन्हा गाडी ओळंबांच्या पन्हाळीवर येते.

बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, पण खाली काळा कागद पसरून ठेवा. काही आठवड्यांत ताजा पिवळट भुसा पडला तर किडा आत आहे. नाही पडला तर बहुधा तो कधीच सोडून गेलाय. वाळवी वेगळी, ती जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते, त्या नळ्या भिंतीवर शोधा.

आणि फॉल्स सीलिंग करूच नका असं माझं ठाम मत. एकदा झाकलं की गळती, वाळवी, कुजणं, सगळं पडद्याआड. कळतं तेव्हा तुळई बदलायची वेळ आलेली असते. मऊ ब्रश आणि किंचित ओल्या फडक्यानं पुसा, वर तेलाचा पातळ हात द्या. जुना रंग असेल तर मात्र कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ मुलांना फार वाईट. माळ्यावर किंवा मागे सिमेंटचे जुने करडे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता.

दुपारची_झोप

फॉल्स सीलिंगचा एक फायदा राहिला. उंदरांना स्वतंत्र मजला मिळतो. आमच्याकडे रात्री वर फुटबॉल चालतो, बाजू कुठली जिंकतेय ते झोपल्याझोपल्या कळतं.

थोरली

अंगणवेडी, मला तुझ्या यादीतलं दुसरंच खुपतंय. सतरा माणसं वर्षातले किती दिवस?

अंगणवेडी

दोन्ही वेळचे मिळून दहा-बारा, फार तर पंधरा.

थोरली

आणि उरलेले साडेतीनशे दिवस दोन माणसं, सत्तरीपुढची. तुझी यादी पंधरा दिवसांची आहे गं. तीन बाथरूम वर्षभर कोण घासणार? वापर नसला की सांडपाण्याच्या जाळीखालचं, वास अडवणारं पाणी आटतं आणि वास घरात येतो. तो काकूंनाच येणार.

गर्दीला खोल्या लागत नाहीत, गाद्या लागतात आणि त्या ठेवायला कोरडी जागा लागते. आम्ही आमच्याकडे सगळ्या खोल्यांत भिंतीलगत लांब लाकडी बाकं केली, झाकण उघडलं की आत गाद्या. एरवी बसायला, पाहुणे आले की त्याच्यावरही एक जण झोपतो. तीन बाथरूमऐवजी एकच जागा, पण संडास दोन, न्हाणी एक, आणि हात-तोंड धुवायचं बेसिन बाहेर, तिन्हींना वेगळी दारं. चौघांचं एका वेळी भागतं. दात घासणारा माणूस दाराला कडी लावून आत बसत नाही, हीच खरी बचत.

आणि हे सगळं जुन्या खोल्यांच्या पोटात करू नकोस. मातीच्या भिंतीजवळ पाणी नकोच. मागच्या अंगाला नवीन लहान बांधकाम, तिथे खुशाल सिमेंट वापर, घरातून छपराखालून जायची वाट ठेव.

काकूंना विचारलंस का?

अंगणवेडी

विचारलं म्हणजे सांगितलं. त्या 'तुम्हाला आवडेल तसं करा' म्हणाल्या.

थोरली

म्हणजे नाही विचारलंस.

मिणमिण

विजेचं कोणी बोलेना म्हणून मी. जुन्या घरात रबराचं किंवा कापडाचं वेष्टण असलेल्या तारा असतील तर त्या एकूण एक बदला, जोड देत बसू नका. आधी अर्थिंग तपासून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. माणसाला धक्का बसतोय हे ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण तेच, साधा एमसीबी फक्त तारा वाचवतो. बऱ्याच घरांत एमसीबी पाहून लोक निर्धास्त असतात.

मातीच्या भिंतीत वायरिंगसाठी आडवी लांब खाच पाडू नका, भिंत तिथून कमकुवत होते. तारा तुळईच्या कडेनं उघड्या पट्टीतून न्या, नीट केल्या तर दिसायलाही चांगल्या. आणि झोपायच्या जागेपासून न्हाणीपर्यंत जमिनीपासून वीतभर उंचीवर आपोआप लागणारे मंद पिवळे दिवे. या वयात पडणं रात्री होतं.

शंकासूर

माझा खरा आक्षेप असा की इथे सगळे जुनं ते सोनं म्हणतायत. उद्या ताईंचं घर संग्रहालय होईल. घरात राहायचं असतं.

रंधा

अजिबात नाही. वारसा वास्तूंसाठीचा १९६४ चा व्हेनिस चार्टर आहे, त्यातसुद्धा नवं करू नका असं म्हटलेलं नाही. नवी भर जुन्याशी जुळावी, पण नवी म्हणून ओळखू यावी, खोटं जुनेपण नको, असा त्याचा रोख आहे. आपली घरं काही स्मारकं नव्हेत, पण मला सुतारकामात हे पटतं. तुळईला नवा तुकडा जोडतो तेव्हा मी त्याला काजळी फासत नाही. पुढच्या सुताराला कळू दे की इथे कोणीतरी हात घातला होता.

नवी बाथरूम मात्र बिनधास्त आजच्या काळातली करा. दार ९० सेंटिमीटर रुंद, बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तरी दार अडत नाही. उंबरठा नको. उतार मीटरला सव्वा ते दीड सेंटिमीटर. आधाराच्या दांड्या टाइल लावायच्या आधी ठरवा, मागे भक्कम आधार नसेल तर दांडी माणसासकट हातात येते.

अंगणवेडी

काल संध्याकाळी काकूंना पुन्हा फोन केला. या वेळी 'काय करू' असं न विचारता 'सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा' म्हटलं. (थोरलीताई, ही तुमची शिकवण.) पाऊण तास बोलल्या.

ओटा त्यांना उंच पडतो. माझ्या आईच्या मापानं बांधलेला, आई त्यांच्यापेक्षा अर्धं डोकं उंच. पंचवीस वर्षं त्या पाटावर उभं राहून काम करतायत आणि आम्हाला वाटायचं त्यांना पाटाची सवयच आहे. मधली भिंत पाडायला त्यांची सक्त ना. दुपारी काका मधल्या खोलीत झोपतात, ती सगळ्यात गार खोली आहे आणि भिंतीमुळे भांड्यांचा आवाज तिकडे जात नाही. आणि कोनाडे बुजवले तर औषधं, चष्मा, रेडिओ, काड्यापेटी कुठे ठेवायची, असं त्यांनीच मला विचारलं. धूळ बसते ती आम्ही वापरत नाही त्या कोनाड्यांत!

भिंत पाडणं गेलं. सुतार बघून गेला, माळ्याच्या तुळया त्याच भिंतीवर टेकल्यात, तेव्हा तसंही ते सोपं नव्हतं.

थोरली

ओट्याची उंची अशी काढ: काकूंना सरळ उभं कर, कोपर दुमडायला सांग, जमिनीपासून कोपरापर्यंत मोज आणि त्यातून दहा ते पंधरा सेंटिमीटर कमी कर. सगळ्यांसाठी एकच माप हा कारखान्याचा हिशेब.

अवांतर: १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं. कामं आणि पावलं मोजून. आजच्या बांधीव ओट्यांचं मूळ तिथे आहे. पण त्यात एकच बाई उभी राहील असं गृहीत होतं. गावाकडच्या घरात गर्दीच्या दिवशी चौघीजणी असतात, त्यामुळे ओट्यापुढे निदान सव्वा मीटर मोकळं हवं, आणि बसून चिरायला-निवडायला एक कमी उंचीचं टेबल. पुरुषांनीही बसावं म्हणून ते मोठं कर.

दुपारची_झोप

शेवटचं वाक्य आमच्या घरच्यांना दिसू नये अशी सोय आहे का?

रंधा

माळ्याबद्दल एकच. जिना शिडीसारखा असेल तर बेडरूम केली तरी कोणी वर जाणार नाही. फ्रान्सच्या ब्लाँडेलनं सतराव्या शतकात दिलेला हिशेब अजून चालतो: पायरीची उंची दुपटीनं घ्या, त्यात पाय ठेवायची रुंदी मिळवा, बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटरमध्ये यावी. १७ उंची आणि २८ रुंदी बरोबर बसते. तेवढा जिना मावत नसेल तर माळा गाद्यांना द्या आणि मुलांना तिथे उनाडू द्या.

अंगणवेडी

मंडळी, फोटो सापडला!! आत्याच्या पेटीत. आजोबा मधे, सगळी दारासमोर बसलीत आणि माझे बाबा सर्वांत खालच्या पायरीवर, अर्ध्या चड्डीत. पायऱ्या तीन आहेत. मी चार वेळा मोजल्या.

ओळंबाकाका, तुम्हाला कसं कळलं?

ओळंबा

मला काही कळलं नव्हतं, ताई. शंका होती. जुन्या घरांभोवती दर काही वर्षांनी कोणी मुरूम टाकतं, कोणी फरसबंदी करतं, जुनं न काढता वर नवं. घर तिथेच असतं, जमीन वर येते. तुमची एक पायरी गिळली म्हणजे वीतभर माती भिंतीला बाहेरून टेकलीय, आणि पूर्वी दगडावर थांबणारी ओल आता कच्च्या विटेपर्यंत पोचतेय.

भिंतीलगत दोन-तीन हात रुंदीची पट्टी जुन्या पातळीपर्यंत खाली घ्या, उतार घरापासून लांब जाणारा ठेवा. एकदम सगळीकडे खणू नका, तुकड्यातुकड्यानं. पायाच्या खाली अजिबात जायचं नाही. आत तोवर पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा, वाईट दिसली तरी.

शंकासूर

मी माघार घेतो. आमच्याही दारात जाऊन आलो, दोनच पायऱ्या आहेत. जुना फोटो मात्र नाही.

अंगणवेडी

ताजी खबर. प्लॅस्टिकचा तुकडा लावला होता, थेंब भिंतीच्या बाजूनं. समोरची पट्टी खणली. काका खुर्ची टाकून देखरेखीला, त्यांनीच कबूल केलं की फरसबंदी त्यांची कल्पना होती. फॉल्स सीलिंग रद्द, व्हिट्रिफाइड रद्द, तीन बाथरूमची जागा आता मागच्या अंगाला एक. भावाला राग आलाय, त्यानं सीलिंगमधले दिवे आधीच घेऊन ठेवले होते. ओटा काकूंच्या मापानं, ७६ सेंटिमीटर. रंग काहीच ठरला नाही आणि पुढच्या वर्षापर्यंत ठरणारही नाही.

तिसरी पायरी बाहेर आली. दगड चांगला आहे, फक्त उजवीकडचा कोपरा फुटलाय. नवीन दगड बसवायचा की तसाच ठेवायचा, यावरून भावंडांच्या ग्रुपवर कालपासून भांडण चालू आहे.

ओळंबा

किती फुटलाय? फोटो टाका.